हरकती व सूचना

त्या काळी चूक पुसायला रबर चालत नसे.
ट्रेसिंग कागदावरची शाई
दाढीच्या अर्ध्या पात्याने खरवडायची, श्वास रोखून,
मग ती जागा नखाच्या पाठीने घोटायची,
म्हणजे पुढच्या रेघेची शाई फुटत नाही.
माझा हात हलका होता.
"गुप्तेबाईंनी खरवडलेलं देवालाही दिसायचं नाही,"
त्रिवेदीसाहेब म्हणायचे,
आणि अवघड कामं माझ्या टेबलावर यायची.

तशीच आली एका मंगळवारी झमकूची कांस.
ओढा म्हणा, नाला म्हणा,
बडोद्यात आम्ही कांसच म्हणतो.
शेतांमधून वाकडीतिकडी येऊन विश्वामित्रीला मिळणारी
निळी रेघ, पॉइंट तीनच्या पेनाची.
आठ महिने कोरडीच तर असते, साहेब म्हणाले,
आणि तिच्यामुळे चौकोन सरळ बसत नाहीत.
मी पातं मोडलं.
चहा यायच्या आत कांस संपली.
तिथे फायनल प्लॉट एकशे बारा ते एकशे एकोणतीस,
फिकट पिवळे.

पिवळा म्हणजे राहणारे, तांबडा बाजार,
जांभळा कारखाना, हिरवा बाग.
बत्तीस वर्षं मी शहर रंगवलं.
जीवीबेनला कुठला रंग
हे कुणी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही.
ती आमच्याच ऑफिसच्या कुंपणाशी, लिंबाखाली,
मेथी, तांदळजा, सुरती पापडी घेऊन बसायची.
शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिच्याकडून भाजी न्यायचे.
नकाशात तिथे पार्किंग होतं.
ती लघवीला कुठे जाते
हे मला निवृत्तीच्या वर्षी कळलं.
जात नसे.
पहाटेपासून पाणीच पीत नसे.

मला घर मिळालं एकशे सतरा नंबरात,
नीलपद्म सोसायटी, तळमजला, स्टाफला थोडं स्वस्त.

गेल्या श्रावणात नदी आत आली.
वीज गेलेली, पाणी मांडीपर्यंत,
आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर मगर.
आठ फुटी. निवांत.
फैजल आला दोर आणि ओलं पोतं घेऊन,
डोळे झाकले की ती शांत होते म्हणाला.
"रस्ता चुकली बिचारी," पारेखभाई वरून म्हणाले.
मी काही बोलले नाही.
टॉर्च धरून पाण्याची धार बघत होते:
वॉचमनच्या केबिनपासून डावीकडे,
मुलांच्या झोपाळ्याखालून,
मग तिरपी, थेट माझ्या उंबऱ्यावर.
हे वळण बोटांना आधी ओळखू आलं,
मला नंतर.

आता नवी योजना आलीय.
काठाला फरशी, रंगीत दिवे, फोटो काढायची जागा.
नकाशा संगणकावरचा, पातं लागत नाही.
हरकतींना तीस दिवस.

एकोणतिसाव्या दिवशी मी रमीलाला घेऊन गेले.
जीवीबेन गेली, आता लिंबाखाली तिची ही मुलगी बसते.
एक पाय पोलिओचा.
खिडकी सात पायऱ्यांवर होती.
रमीला बसून बसून चढली, पाठमोरी,
आणि वर पोचल्यावर साडी झटकली.

फॉर्मातला पहिला रकाना: प्लॉट क्रमांक.
"लिहा ना," ती म्हणाली,
"लिंबाची सावली, सात ते अकरा."
मी लिहिलं.
माझी हरकत वेगळ्या कागदावर:
झमकूची कांस. आठ महिने कोरडी. जागेवर आहे.
अर्जदाराचा हितसंबंध?
मी खोडली होती.

खिडकीतल्या पोराने दोन्ही कागद उलटसुलट पाहिले.
"मासी, सावलीला नंबर नसतो."
रमीला म्हणाली,
"मग द्या."